चिंधी बांधलेली काकडी

राजे पायी बाजारात जाऊ शकत होते आणि तरीही जात नव्हते, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही पुढे बसा. मोठ्यांनी मागे बसून ऐकलं तरी चालेल, पण ऐकावं नक्की.

एका डोंगरी राज्यात दर आठवड्याला नदीकाठी शेतकऱ्यांचा बाजार भरे. त्या बाजाराचा एक रिवाज होता. प्रत्येक पाटीतली सगळ्यात मोठी भाजी राजवाड्याची. राजाचा कारभारी बाजाराच्या तोंडाशी ठाण मांडून बसे आणि सगळ्यात लांब भेंडी, सगळ्यात जाड काकडी उचलून गाडीत टाके. दुपारी पुन्हा एक फेरी मारून राहिलंसाहिलंही नेई. राजाला मोठंच शोभतं, असं त्याचं पक्कं मत होतं.

आता भेंडी फार मोठी झाली की काय होतं, ते तुमच्या आईला विचारा. वाड्यात मात्र कोणी विचारत नसे. तिथे रोज निबर भेंडी आणि जून काकडी शिजे. राजा ती मानाने चघळत बसे. मुलं ताटावरून उठून जात. राजकन्या वाळत चालली होती, आणि धाकट्या राजपुत्राने तर दूधभाताशिवाय कशालाही हात लावायचा नाही असा नेमच केला होता. वैद्य झाले, काढे झाले, पण मुलांची भूक काही परत येईना.

राणी काळजीने अर्धी झाली होती. एक दिवस तिने राजाला सांगून टाकलं, की मुलांना आवडेल असं काही शोधायला त्यांना घेऊन ती बाजारात जाणार, आणि तेही साध्या कपड्यांत, पायी. राजाने नको म्हणून पाहिलं. पण राणी ऐकणाऱ्यातली नव्हती.

बाजाराच्या तोंडाशी कारभाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर पाट्यांवर होती. आत एका शेतकरणीने राजपुत्राच्या हातावर एक कोवळी काकडी ठेवली, मीठ लावून. त्याने ती खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग तो तिच्या पाटीजवळ मांडीच घालून बसला. राणीचे डोळे भरून आले.

राजकन्या तेवढ्यात पाटी न्याहाळत होती. तळाशी, पानांखाली, तिला एक भलीमोठी पिवळी काकडी दिसली. देठाला चिंधी बांधलेली होती. सगळ्यात मोठं ते आपलं, हे ती पाळण्यापासून ऐकत आली होती. कारभारी फेरीवर येताच तिने त्याला मोठ्या उत्साहाने ती काकडी दाखवली. बिचारीला वाटलं, आपण कामाला मदत केली.

शेतकरणीने पाटी पोटाशी धरली, पण कारभाऱ्याच्या माणसांनी काकडी ओढून नेलीच. बाई रडली नाही की भांडली नाही. वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ आपण तोडत नाही, चिंधी बांधून बियाला पिकू देतो, असं ती सांगत राहिली. आधीची दोन फळं कारभाऱ्याने मळ्यातूनच नेली होती. हे उरलेलं पिकताच तिने तोडलं, पण घरी ठेवायचा धीर झाला नाही, म्हणून ती पाटीत लपवून सोबत बाळगत होती. तिच्या सासूने जपलेल्या वाणाचं ते शेवटचं फळ होतं.

"पोरी," ती म्हणाली, "ती काकडी नव्हती गं. माझा पुढच्या सालचा मळा होता."

राजकन्येचे कान लाल झाले. तिने आईकडे पाहिलं. राणीने एक शब्द टाकला असता तर काकडी परत आली असती. तिने तो टाकला नाही.

"दाखवलीस तू," राणी म्हणाली. "आता सोडवूनही तूच आण."

राजकन्येने एक कोवळी काकडी ओढणीत घेतली आणि ती तडक गाडीपाशी गेली. पिवळ्या काकडीवर तिने हात ठेवला तो ठेवलाच. ही राजाची वस्तू आहे, म्हणून कारभारी डाफरला. मग मलाही राजापुढे न्या, असं ती म्हणाली. तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि राजकन्येला ओळखलं. हळूच काकडी परत द्यायला तो तयार झाला.

"एक परत द्याल आणि पुढच्या बाजारी दुसरी न्याल," राजकन्या म्हणाली. "मला बाबांनाच भेटायचं आहे."

गाडीत बसायलाही तिने नकार दिला. वाड्याचा चढ उभा, ऊन रणरणतं, पण काकडीवरचा हात न काढता ती गाडीबरोबर चालत वर गेली. मागे राणी, राजपुत्र, शेतकरीण आणि सगळा बाजार.

राजापुढे तिने दोन्ही काकड्या ठेवल्या. सवयीने राजाचा हात मोठीकडे गेला. तिने ती मागे ओढली.

"बाबा, ही खायची नाही. ही पेरायची आहे. तुम्ही ती खा."

राजाने कोवळी काकडी खाल्ली आणि तो खाता खाता थांबला. इतकी वर्षं आपण राज्यातलं सगळ्यात वाईट जेवत होतो आणि त्यालाच मान समजत होतो, हे त्याला कळलं. त्याहून वाईट ते शेतकरणीने सांगितलं: राजाच्या जेवणापायी लोकांची बियाणी संपत आली होती. त्याने तो रिवाज तिथल्या तिथे मोडला.

त्या दिवसापासून चिंधी बांधलेल्या फळाला हात लावायची कोणाची टाप राहिली नाही. वाड्याची माणसं पिशव्या घेऊन चारचौघांसारखी रांगेत उभी राहू लागली, आणि कारभारी मळ्यामळ्यांतून चिंध्या वाटत फिरू लागला.

ती पिवळी काकडी त्याच दिवशी राजकन्येने स्वतः शेतकरणीच्या हातात दिली होती. बाईने ती तिथेच फोडली, बी काढलं, आणि त्यातलं चिमूटभर राजकन्येच्या ओंजळीत घातलं.

पुढच्या साली वाड्याच्या परसात वेल चढला. त्यावर सगळ्यात चांगली काकडी धरली, तेव्हा राजकन्येने आपल्या ओढणीची कड फाडून तिच्या देठाला बांधली. राखणीला बसला राजपुत्र. बाकीच्या सगळ्या काकड्या त्याने खाऊन संपवल्या होत्या, पण त्या एकीला त्याने बोटही लावलं नाही.

म्हणून सांगतो, सगळ्यात चांगलं ते आपल्याच ताटात ओढणारा उद्याचं बी आजच खाऊन बसतो.