शेवटचा घास आबांचा

धुक्याच्या टेकडीपलीकडे शेवंतीची पिवळीधमक बाग होती. बागेतल्या खोपटात छोटी मंजुळ आणि तिचे सोनाआबा राहत. घरात वाटीभरच पेज शिजे, आणि आबा ती रोज नातीपुढे सरकवत. स्वतः कोरा चहा पीत. "म्हाताऱ्याला काय लागतं?" एवढंच म्हणत. हळूहळू त्यांचे हात काटकुळे झाले, फुलांना पाणी घालायची झारीही उचलेना. आबा आपल्याला सोडून गेले तर, या विचाराने मंजुळचा जीव एवढाएवढासा होई.

एका सकाळी ती शेवग्याखाली मुसमुसत बसली होती. तोच पांढऱ्या इवल्या फुलांतून बोटभर परी उतरली. दवाचा झगा, चांदीचे नाजूक पंख! तिने मंजुळला चिमुकली निळी वाटी दिली. तीन सकाळी आबांसाठी हवं ते माग, ती म्हणाली. पण त्यातला घास दुसऱ्या कुणी चाखायचा नाही. आबांनी वाटी पुसून खाल्ली, तरच ती रोज भरेल.

पहिल्या दिवशी मंजुळने मागितली चिक्की. तिला स्वतःला आवडते ना! आबांच्या बोळक्या तोंडाला ती फुटते कशाची? दुसऱ्या दिवशी तिने पुरणपोळ्यांची चवडच मागितली. आबा पाव पोळीत दमले, आणि बाकीच्या चमचमत विरून गेल्या.

तिसऱ्या दिवशी मात्र ती आधी आबांकडे नीट पाहत बसली. मग तिने थोडंसंच मागितलं: मुगाची मऊ खिचडी, तिच्यात शेवग्याचा कोवळा पाला आणि वर तुपाची धार. वासानेच मंजुळच्या पोटात कावळे ओरडू लागले. आबा सवयीने म्हणाले, तूच खा.

तिने ऐकलं नाही. आबा तिला लहानपणी भरवत, तसंच ती त्यांना भरवू लागली. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. आबा हसत हसत खात गेले. शेवटचा घास मात्र त्यांनी तिच्या ओठांशी नेला.

"हा माझ्या मंजुळचा."

मंजुळला फार भूक लागली होती. तरी तिने मान हलवली.

"नाही आबा. शेवटचा घास तुमचा."

आबांचे डोळे भरून आले. त्यांनी तो घास खाल्ला आणि वाटी बोटाने पुसून घेतली.

शेवग्यावर परी खुदकन हसली. सोनेरी, गुलाबी उजेड खोपटभर पसरला आणि त्या उजेडातच ती मिसळून गेली. मंजुळने डोळे चोळून पाहिलं, तर एका वाटीच्या दोन वाट्या झाल्या होत्या, दोन्ही काठोकाठ भरलेल्या, एक आबांची आणि एक तिची. तिने अधाशासारखा पहिला घास घेतला.

आबांनी आपली वाटी हळूच जवळ ओढली.

"मंजुळ," ते म्हणाले, "मला अजून थोडी भूक आहे गं."