फोटोसाठी उभा राहिलेला बगळा

एका तळ्याच्या काठी पाणकणसाच्या उंच गवताचे दाट बेट होते. त्या बेटात एक जांभळा बगळा आपल्या बगळीबरोबर राहत असे, आणि बेटासमोरच्या मोकळ्या जागेत एक टिटवी राहत असे. कुत्रा आला, साप निघाला, घार फिरू लागली की टिटवी ओरडून साऱ्या तळ्याला सावध करी. या कामाबद्दल कधी कोणी तिचे आभार मानले नाहीत. उलट, किती ओरडते ही, एवढेच ती ऐकत आली होती.

मुलांनो, बगळा देखणा होता, हे कबूल करायलाच हवे. लांब तांबूस मान, मानेवर काळ्या रेघा आणि पाठीवर निळसर पिसे. पण एवढ्या लांब मानेच्या टोकाला डोके असते आणि ते वापरायचे असते, हे त्याला कोणी सांगितले नसावे. त्या वर्षी बगळीने तीन अंडी घातली. बगळ्यांत एक चांगली रीत आहे. अंड्यांवर दोघे पाळीपाळीने बसतात, आणि दुसरा येऊन बसल्याशिवाय पहिला उठत नाही. सुरुवातीचे काही दिवस बगळ्याने ही रीत नीट पाळली.

मग एके सकाळी हातभर लांब कॅमेरा घेऊन एक माणूस तळ्यावर आला. टिटवी ओरडली. "ही ओरडली की सगळे उडतात," असे पुटपुटत त्याने हिरव्या कापडाचा छोटा तंबू ठोकला आणि तो आत बसला. तंबूच्या फटीतून कॅमेऱ्याचे तोंड बाहेर आले आणि खट्, खट्, खट् असा आवाज झाला. हा आवाज आपल्यासाठी आहे, हे कळायला बगळ्याला वेळ लागला नाही. नको त्या गोष्टी त्याला लवकर कळत.

दुसऱ्या दिवशी माणूस फोनवर कोणाला तरी सांगत होता, "अरे, पक्षी एक नंबर आहे, पण प्रत्येक फोटोत समोर पाती येतात. घरट्याचा एकही फोटो साफ येत नाही." बोलणे संपल्यावर त्याने पिशवीतून कात्री काढली, पाण्यात उतरून समोरची दहावीस पाती कापली आणि पुन्हा तंबूत जाऊन बसला. दुसरा एखादा बगळा असता तर चिडला असता. आमचा बगळा पुढे झाला आणि राहिलेली पाती स्वतःच्या चोचीने मोडू लागला.

"अहो, हे काय करता?" बगळीने घरट्यातून विचारले.

"अगं, आपलं घर फोटोत येणार आहे," बगळा म्हणाला. "मध्ये हे गवत कशाला?"

"हे गवत होतं म्हणून तर इथे घर बांधलं. ते आपल्याला झाकतं."

"म्हणजे जन्मभर झाकूनच राहायचं का?"

बगळीने अंडी पोटाखाली आणखी नीट ओढून घेतली.

टिटवी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ती तरातरा चालत पाण्यापर्यंत आली. "भाऊजी, मी आत्ता तुमच्या घरावरून उडत आले. बगळी जरा सरकली तर वरून तिन्ही अंडी मोजता येतात. मला येतात, तशी काठच्या त्या बाभळीवर बसलेल्या कावळ्यालाही येतात."

"टिटवीबाई, जरा हळू बोला," बगळा म्हणाला. "तुम्ही ओरडता, मी दचकतो आणि माझा फोटो हलतो. काल तीन बिघडले."

टिटवीला हात असते तर तिने कपाळावर मारून घेतले असते. "माझीही अंडी उघड्यावर असतात हो," ती म्हणाली. "पण ती खड्यांत पडलेल्या खड्यांसारखी दिसतात. तुमची निळी आहेत, निळी. आता तुम्हाला किती वेळा सांगू? करा काय करायचं ते." असे म्हणून ती फणकाऱ्याने निघून गेली. अर्थात लक्ष ठेवायचे तिने सोडले नाही. तो तिचा स्वभावच नव्हता.

पुढचे आठ दिवस हेच चालले, आणि अंड्यांवर बहुतेक वेळ एकटी बगळीच बसे. रोज थोडी पाती माणूस कापी, थोडी बगळा मोडी. घरट्यासमोर दारासारखी वाट तयार झाली. बाभळीवरचा कावळा रोज एकेक फांदी खाली येऊन बसू लागला.

नवव्या दिवशी बगळी भुकेने अगदी कासावीस झाली. "अहो, मी चार मासे खाऊन येते," ती म्हणाली. "मी येईपर्यंत उठू नका."

"मी कुठे जातोय?" असे म्हणून बगळा अंड्यांवर बसला.

बगळी गेली. ऊन वर आले. तंबूतून माणसाचा आवाज आला, "छे, बसला की नुसतं डोकं दिसतं. जरा बाहेर येऊन उभा राहिला तर काय बहार येईल." बगळ्याने ते ऐकले. दोन पावलांचे तर अंतर आहे, आणि घरटे मागेच आहे, असा विचार करून तो उठला, पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि मान ताठ करून त्याने उन्हाकडे तोंड केले. घरट्याकडे त्याची पाठ झाली.

कावळा तेवढ्याचीच वाट पाहत होता.

टिटवीने त्याला उतरताना पाहिले. "भाऊजी, मागे बघा. मागे कावळा आहे," असे ओरडत ती बगळ्याच्या डोक्यावरून गेली. झाली हिची सुरुवात, बगळ्याच्या मनात आले. आज काही झाले तरी दचकायचे नाही असे त्याने ठरवलेच होते. तेवढ्यात कॅमेरा खटखटखटखट वाजू लागला. इतक्या भराभर तो आजवर कधी वाजला नव्हता. आज आपण फारच छान दिसत असलो पाहिजे, असे वाटून बगळ्याने मान आणखी दोन बोटे ताणली.

कॅमेऱ्याचे तोंड मात्र त्याच्याकडे नव्हते. ते घरट्याकडे वळले होते, आणि चोचीत निळे अंडे घेऊन उडणाऱ्या कावळ्याचे फोटो निघत होते. कावळ्याने तीन खेपा केल्या. टिटवी एकटी त्याच्यावर झेपावत राहिली, पण शेवटी तिचा आवाजही बसला. माणसाने तंबूतून बाहेर येऊन एकदा टाळी वाजवली असती तरी कावळा पळाला असता. पण असे फोटो त्याला पुन्हा कुठे मिळणार होते? मुलांनो, या गोष्टीतला कावळा मला समजतो, त्याला पोट आहे. बाकीच्या दोघांना काय म्हणावे तेच सुचत नाही.

थोड्या वेळाने बगळी परत आली. घरट्यात काही नव्हते. तिने खाली पाण्यात पाहिले, आजूबाजूला पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले.

"अहो, तुम्ही कुठे होतात?"

"इथेच होतो," बगळा म्हणाला. "जागचा हललोसुद्धा नाही."

तात्पर्य : आपल्याला पाहायला आलेला माणूस आपले घर राखायला आलेला नसतो. ते आपले आपणच राखावे लागते, आणि त्यासाठी घराकडे तोंड करून बसावे लागते.