मुंग्यांना काय आवडते?

एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्या जुन्या शिष्याच्या शाळेत प्रकल्पांचे परीक्षण करायला गेले. शिष्य तिथे चौथीचा शिक्षक होता. 'मुलांना स्वतः शोधू द्या' असे वरून फर्मान निघाल्यापासून त्याचे डोके फिरले होते. अभ्यासक्रम संपवायचा कधी आणि ही थेरं करायची कधी! शेवटी त्याने 'मुंग्यांना काय आवडते?' हा प्रकल्प दिला आणि लगेच उत्तरही फळ्यावर लिहून टाकले. शोध घ्या म्हणायचे आणि उत्तर आधीच हातात ठेवायचे, याला काय म्हणावे?

एकतीस वह्यांत सुवाच्य अक्षरात 'साखर' उमटली. शेवंता नावाच्या मुलीने मात्र लिहिले, 'आमच्या घरी मुंग्या साखर सोडून सुकटीकडे गेल्या. मी तीनदा पाहिले.' शिक्षकाने त्यावर लाल फुली मारली आणि तिला वर्गासमोर पायाचे अंगठे धरून उभे केले.

गुरुजींनी सगळ्या वह्या वाचल्या आणि त्या लाल फुलीची हकिकत मुलांकडून ऐकली. मग शेजारच्या घरून चिमूटभर साखर आणि थोडी सुकट मागवली, दोन्ही वर्गाच्या दाराशी ठेवली आणि समोर मांडी घालून बसले. अर्धा तास गेला. प्रकल्प पाहायला आलेले पाहुणे ताटकळले, चहा निवला. शिष्याचा पारा चढला.

"गुरुजी, लोक हसतायत हो! मुंग्या काय बघत बसलात?"

तोवर मुंग्यांची रांग साखरेला वळसा घालून सुकटीवर चढली होती. गुरुजी उठले आणि शिष्याकडे वळले.

"लाज वाटते, वामन. आधी माझीच. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलंस की मीच तुझी पाठ थोपटायचो. पण तू तर पुढची पायरी गाठलीस! ज्यांनी मुंगीकडे ढुंकूनही पाहिलं नाही त्यांना शाबासकी, आणि जिनं तीनदा पाहिलं तिला शिक्षा? शोधायला वेळ नाही म्हणतोस, शिक्षा करायला बरा सापडला!"

वामनची मान खाली गेली. त्याने शेवंताला बोलावले आणि तिच्यासमोर ती फुली खोडली.

"चुकलं माझं, बाळ. आता सांग, आणखी काय ठेवून पाहू या?"

मुलगी जमिनीकडे पाहत म्हणाली,

"तुम्ही सांगाल तेच, सर."

आपण नेमके काय मोडले, ते वामनला तेव्हा कळले.