तहाचा पेला

कुणाच्या आठवणीही जिथवर पोचत नाहीत अशा फार जुन्या काळी, एका नदीकाठी एक राजा राहत होता. त्याला काचेच्या पेल्यांचा भारी नाद. सरबताचे पेले वेगळे, दुधाचे वेगळे, ताकाचे रुंद आणि जाड बुडाचे. द्राक्षरसाचे पेले तर उंच, बारीक दांड्याचे, बोट लागले तरी किणकिणणारे.

नदीपलीकडे एक म्हातारा राजा होता. नदीच्या पाण्यावरून दोन्ही राज्यांत जुने वैर. कितीतरी घरची पोरे त्यात कामी आली होती. शेवटी दोघेही राजे थकले आणि तह करायचे ठरले.

त्या मुलखात तहाची एक रीत होती. दोन्ही राजांनी सर्वांदेखत द्राक्षरस प्यायचा. एक थेंब जरी सांडला, तरी तह मोडला.

त्या दिवशी सकाळपासून राजा कपाटासमोरून हलेना.

राणी म्हणाली, "अहो, न्याहारी निवून गेली. या पेल्यांशीच लग्न लावायचं होतंत!"

"हा बघ. यात रस माणकासारखा दिसेल."

"दिसेल हो. पण पिणार कोण, याचा काही विचार?"

"पेला रसाकडे बघून निवडायचा असतो, राणीसाहेब. पिणाऱ्याकडे बघून नव्हे."

राणी हसली आणि निघून गेली.

पाहुणे आले. द्राक्षरस ओतला गेला. राजाने आपला पेला उचलला. म्हाताऱ्या राजाने मात्र हात शालीखालून काढलेच नाहीत.

दरबारात कुजबुज सुरू झाली. सेनापती राजाच्या कानाशी लागला, "महाराज, यांना विषाचा संशय आहे. हा आपला अपमान आहे."

राजालाही वाईट वाटले. इतका देखणा पेला, आणि याला हातसुद्धा लावू नये!

तेवढ्यात शाल जराशी सरकली. म्हाताऱ्याचा हात पानासारखा थरथरत होता. त्याने तो झटकन झाकला. शेजारी बसलेल्या राजाखेरीज कुणाला ते दिसले नाही.

राजाच्या सारे ध्यानात आले. हा पेला त्या हाताने उचलला, तर रस सांडणार. हात कापतो म्हणून सांगावे, तर म्हाताऱ्याचा स्वतःच्याच माणसांत मान जाणार.

राजाने आपला पेला खाली ठेवला. "थांबा! हा काडीसारखा पेला माझ्याच हातात ठरेना. ताकाचे पेले आणा."

"द्राक्षरस ताकाच्या पेल्यात?" सेनापतीला हसू आवरेना.

"हो. आणि सगळ्यांनाच."

जाड, खोल पेले आले. रस तळाशी बसला. रंग काही खुलला नाही. राजाने पेला दोन्ही हातांनी धरला. त्याचे बघून म्हाताऱ्यानेही तसाच धरला. रस डुचमळला, पण काठापर्यंत आला नाही. दोघे प्यायले. थेंबही सांडला नाही.

म्हाताऱ्याने मिशा पुसल्या आणि हळूच विचारले, "तुमच्याकडे याहून देखणे पेले असतील ना?"

"होते, काका," राजा म्हणाला. "आज सकाळपर्यंत."

म्हातारा खळखळून हसला. त्या वर्षापासून नदीचे पाणी दोन्ही काठांच्या शेतांत खेळू लागले, आणि तिथले लोक तहाचा रस ताकाच्याच पेल्यातून पिऊ लागले.

म्हणून लहानथोरांनो, पाहुणचार करताना आधी पाहुण्याकडे पाहावे, मग आपल्या कपाटाकडे.