करंडीभर बर्फ

एकदा एका म्हाताऱ्या पाळकांनी आपल्या शिष्याच्या पाठीवर करंडीभर बर्फ बांधला आणि भर दुपारी त्याला गावातून चालायला लावलं. शिष्य काही चुकार पोर नव्हता. सव्वीस वर्षांचा, शिकलेला, पुढच्या वर्षी स्वतःच पाळक होणार होता. गाव दारात येऊन बघत राहिलं. ‘म्हातारचळ लागलाय, दुसरं काय!’ असं दोघं-तिघं बोललेही. चार तासांपूर्वी देवळात जे झालं होतं, ते पाहता गावाला असं वाटणं सोयीचंच होतं म्हणा.

नाताळ जवळ आला की लोक माझ्याकडे क्षमेवरची एखादी गोड गोष्ट मागतात. मी ही सांगतो. ही गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गाव हिमालयात, पार उंचावर. पंचवीस-तीस घरं, तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली. डिसेंबरपासून मार्चअखेर रस्ता बंद. घरं दगडामातीची आणि छपरं सपाट. खाली लाकडाचे वासे, त्यांवर फांद्या, त्यांवर माती. अशा छपरावर बर्फ साचू देऊन चालत नाही. पडला की लोटायचा, पुन्हा पडला की पुन्हा लोटायचा. ज्या घरात धडधाकट माणूस नाही, त्या घराचं छप्पर गाव पाळीपाळीनं साफ करतं. पाळीची खूण म्हणजे एक लाकडी फावडं. सकाळी ते ज्याच्या दाराशी टेकवलेलं दिसेल, त्याची त्या दिवशी पाळी. काम झालं की संध्याकाळी त्यानं ते शेजारच्या दाराशी टेकवायचं. कुणी कुणाला आठवण करत नाही. तिकडे पाळीची आठवण करून देणं हा अपमान समजतात.

त्या गावात पल्मोआजी आणि तिचा नवरा एलिया असं जोडपं होतं. एलियाचं अर्धं अंग पाच वर्षांपूर्वी लुळं पडलेलं. तो चुलीजवळच्या खाटेवर पडून असे. मुलंबाळं नाहीत. साहजिकच पाळीचं पहिलं छप्पर त्यांचं.

शिष्य आपल्याकडचा, जालन्याचा. म्हातारे पाळकही मूळचे आपल्याच मुलखातले, पण चाळीस वर्षांपूर्वी तिकडे गेले ते तिकडचेच झाले. त्यांच्या हाताखाली शिकायला म्हणून हा ऑक्टोबरात येऊन दाखल झाला. बर्फ त्यानं तोवर फक्त कॅलेंडरावर पाहिलेला. त्या वर्षी बर्फाला उशीर झाला. डिसेंबरच्या एका शनिवारी सकाळी डोळे उघडतो तर सगळं पांढरं, आणि दाराशी फावडं!

तो गेला, नाही असं नाही. शिडी लावून एलियाच्या छपरावर चढला, दोन पावलं टाकली आणि थांबला. समोर हातभर उंचीचा, गुळगुळीत, स्वच्छ थर. त्यावर पाखराचंसुद्धा पाऊल नाही. त्याचं मन भरून आलं. दुसऱ्या दिवशी त्याचं आयुष्यातलं पहिलं प्रवचन होतं आणि विषय होता क्षमा. देवानं दृष्टांतच पुढ्यात ठेवला, असं त्याला वाटलं. अशा निर्मळ गोष्टीत फावडं घालायला त्याचा जीव होईना. त्यानं ओंजळभर उचलून पाहिला. कापसासारखा हलका. एवढ्याशानं छपराला काय होतंय? उद्या उपासना झाल्यावर करू. तो खाली उतरला आणि घरी जाऊन प्रवचन लिहीत बसला. दुपारनंतर पावसाचे थेंब मिसळलेला ओला बर्फ पडायला लागला, तो सकाळपर्यंत पडत होता.

रविवारी सगळं गाव देवळात. पल्मोआजीही होती. चूल भरून, नवऱ्याच्या अंगावर दोन घोंगड्या घालून आली होती. शिष्य प्रवचनाला उभा राहिला आणि खरोखर छान बोलला. ‘बाहेर पाहा,’ म्हणाला, ‘उकिरडा कुठे आहे? चिखल कुठे आहे? परमेश्वरानं सगळं झाकून टाकलं! क्षमा अशी असते. हलकी, मऊ, पांढरीशुभ्र.’ लोकांचे डोळे पाणावले. पल्मोआजीनंही पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात बाहेर धप्प असा आवाज झाला आणि कुत्री भुंकली. उतारावरून बर्फ घसरला असेल असं लोकांना वाटलं आणि प्रवचन चालू राहिलं.

एलियाला छपराखालून बाहेर काढायला दुपार झाली. शिष्यानंही हातांनी उकरलं, त्याची नखं फाटली. उपयोग नव्हता.

आठ दिवस तो जेवला नाही म्हणा ना. पोरगा वाईट नव्हता हो, आणि हीच तर अडचण आहे. वाईट माणसाचा निवाडा करायला अक्कल लागत नाही.

पुढच्या रविवारी देवळाचे मुख्य पंच उभे राहिले. चांगला, पापभीरू माणूस. म्हणाले, “पोरगा परमुलखातला. बर्फ त्याला काय ठाऊक! आपण ख्रिस्ताची माणसं. आपण त्याला मनापासून क्षमा केली.” सगळं देऊळ उभं राहिलं. ‘आमेन’ म्हणालं. बायकांनी शिष्याच्या डोक्यावर हात ठेवले. शेवटच्या बाकावर पल्मोआजी बसून होती. तिचे ओठ हलले नाहीत. ते एकट्या म्हाताऱ्या पाळकांनी पाहिलं, आणि पाहूनही ते गप्प राहिले.

उपासनेनंतर शिष्य त्यांच्याकडे आला. रडून त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

“पाळकसाहेब,” तो म्हणाला, “आज कसं हलकं वाटतंय. या बर्फासारखं.”

म्हाताऱ्यांनी अंगणातल्या बर्फाकडे पाहिलं. मग म्हणाले, “लाकडं वाहायची करंडी आण.”

त्यानं आणली. त्यांनी ती त्याच्या पाठीवर बांधली आणि अंगणातला बर्फ थाळीनं भरायला सुरुवात केली. भरली की दाबायचा, पुन्हा भरायचा. वरून किटलीभर पाणी ओतलं आणि पुन्हा दाबला. शिष्य हसला सुरुवातीला. त्याला वाटलं, काहीतरी खेळीमेळीची शिकवण असेल. “चल,” म्हातारे म्हणाले, आणि काठी टेकत पुढे निघाले.

गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चढच आहे. पहिल्या दहा घरांपर्यंत तो नीट चालला. पुढे पट्टे खांद्यांत रुतू लागले. बर्फाचं पाणी पाठीवरून कमरेपर्यंत ओघळलं. शेवटच्या घराशी पोहोचता पोहोचता त्याचा गुडघा टेकला आणि पुन्हा उचलेना.

“काय आहे रे करंडीत?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

“बर्फ.”

“कसा आहे?”

“जड आहे, पाळकसाहेब. काढा आता.”

“रंग कोणता?”

शिष्यानं मान वळवून करंडीकडे पाहिलं. तेव्हा म्हातारे त्याच्यासमोर एका दगडावर बसले आणि बोलू लागले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण प्रत्येक शब्द तोलून टाकला.

“अरे, पांढरेपणा बघणाऱ्याला दिसतो. वजन छपराला कळतं. क्षमेचंही तसंच आहे. ज्याला मिळते त्याला ती पांढरी दिसते, मऊ लागते. जो देतो त्याच्या उरावर ती बसते. आपल्या प्रभूनं ती दिली तेव्हा त्याच्या खांद्यावर क्रूसाचं लाकूड होतं, फुलं नव्हती. आज देवळात पंचवीस घरांनी तुला क्षमा केली. त्यांचं काय गेलं होतं? कुणाचा नवरा मातीखाली सापडला होता? आयजीच्या जिवावर बायजी उदार! जिचं गेलं तिला एकानं विचारलं नाही. उलट आता ती कुढत बसली तर तीच कठोर, तीच देवाचं न ऐकणारी. तुम्ही क्षमा नाही केलीत, तिच्यावर दुसरं छप्पर पाडलंत. आणि मी बघत होतो. गावाची एकी मोडेल म्हणून गप्प बसलो. खरं तर ही करंडी माझ्या पाठीवर हवी. माझी पाठ आता सरळ होत नाही, म्हणून तुझी घेतली.”

एवढं बोलून त्यांनी करंडीचे बंद सोडले आणि काठीनं पाठीमागचं दार दाखवलं. ते पल्मोआजीच्या भाचीचं घर होतं. छप्पर पडल्यापासून ती तिथे राहत होती.

आवाज ऐकून पल्मोआजीच दारात आली.

“आजी,” शिष्य उठून म्हणाला, “मी क्षमा मागायला आलोय.”

“आता कशाला, साहेब? सकाळीच झाली की. मोठ्यानं झाली.”

“तुम्ही केली नाहीत.”

“मला विचारलं कुणी?” ती म्हणाली. मग तिनं दाराची चौकट धरली. “त्या शनिवारी छपरावर तुमची पावलं वाजली. मी ह्यांना सांगितलं, आला हो पोरगा, आता निवांत पडा. ते हसले. तोंड वाकडं झालेलं, पण हसले. दुसऱ्या दिवशी मी खुशाल त्यांना सोडून देवळात आले. ते जात होते तेव्हा मी तुमचं बोलणं ऐकून रडत होते, साहेब. किती छान बोलतो म्हणून! हे माझं मलाच माफ होत नाही. तुमचं कुठून करू?”

यावर शिष्यानं एखादं वचन ऐकवलं असतं तर मीच त्याचं तोंड बंद केलं असतं.

“मग मी काय करू?” त्यानं कसंबसं विचारलं.

तिनं मान वर करून आभाळ पाहिलं. “ढग आलेत. भाचीचा नवरा खाली मैदानी मुलखात कामाला गेलाय, तो चैत्राशिवाय येत नाही. ह्या छपराखाली आम्ही दोघी आणि दोन लेकरं. पाळी कुणाची आहे?”

“मला ठाऊक नाही.”

“फावडं आठ दिवस तुमच्याच दाराशी आहे,” पल्मोआजी म्हणाली. “पुढं सरकवायचंही सुचलं नाही तुम्हाला. आणि मागायची आमच्यात रीत नाही.”

तो पळत गेला आणि फावडं घेऊन आला. त्या दिवशी त्यानं छपराची माती दिसेपर्यंत बर्फ लोटला. संध्याकाळी फावडं शेजारच्या दाराशी टेकवायचं ते त्यानं टेकवलं नाही, आणि त्या हिवाळ्यात कधीच टेकवलं नाही. गावानं रीतीप्रमाणे विचारलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, महिन्या-दोन महिन्यांत म्हातारी विरघळली असेल. तसं काही झालं नाही. तो यायचा, चढायचा, लोटायचा, उतरायचा. ती दारातून बाहेर येत नसे. एकदा थंडीनं त्याचे हात काळेनिळे पडलेले पाहून भाचीनं चहाचा पेला पुढे केला. आतून पल्मोआजीचा आवाज आला, “पाळीच्या माणसाला चहा देत नाहीत.” आणि ते खरंच होतं, तशीच रीत आहे तिकडे. भाचीनं पेला मागे घेतला. देवळातल्या लोकांनाही तिचं हे वागणं खटकू लागलं. एवढी क्षमा करूनही म्हातारीचं मन मोठं होईना, असं पंच एकदा म्हणाले. तेव्हा शिष्यच उठून म्हणाला, “पंचजी, त्यांच्याबद्दल बोलू नका. माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोला.” पुढे त्या हिवाळ्यात देवळात तो एवढंच बोलला. प्रवचनाची पाळी त्यानं घेतली नाही.

एप्रिलात रस्ता उघडला. बर्फ ओसरला तसा एलियाच्या घराचा ढिगारा वर आला. मोडके वासे, खाट, कुजलेली एक घोंगडी. डिसेंबरात जे होतं तेच, फक्त ओलं झालेलं. शिष्य ते सगळं पाहून आला. मग फावडं घेऊन भाचीच्या दाराशी गेला. पहिल्या बसनं त्याला परीक्षेसाठी निघायचं होतं.

“आजी, जातोय. फावडं कुणाच्या दाराशी ठेवू?”

पल्मोआजीनं ते हातात घेतलं. दांड्यावर दोन जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

“ती अजून माझ्याकडे आलेली नाही,” ती म्हणाली. कशाबद्दल बोलते आहे ते त्याला कळलं. “रोज मागते मी. गुडघे टेकून मागते. देवाच्या मनात असेल तेव्हा येईल. खोटं बोलणार नाही मी. एकदा ह्यांच्याशी नकळत बोलले, निवांत पडा म्हणून, तेवढं पुरे.”

“नका बोलू, आजी.”

तिनं फावडं आत नेलं आणि दारामागे, आपल्या काठीशेजारी उभं केलं. परत येऊन म्हणाली, “हे इथंच राहील. पहिला बर्फ नोव्हेंबरात पडतो. उशीर करू नकोस.”

बसची वाट पाहत म्हातारे पाळक उभे होते. शिष्य त्यांच्याशेजारी येऊन थांबला.

“केली का क्षमा?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“आणि फावडं?”

“ठेवून घेतलं.”

म्हाताऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “मग वाटेत झोपू नकोस,” ते म्हणाले. “परतीचा रस्ता नीट बघून ठेव.”

शिष्यानं मान हलवली. हलकं वाटतंय असं काही तो या खेपेला म्हणाला नाही, आणि नोव्हेंबरची वाट न बघता ऑक्टोबरातच परत आला.

येत्या नाताळात कुणी तुम्हाला मोठ्या मनानं सांगेल की झालं गेलं विसरा, क्षमा करून टाका. सांगणाऱ्याशी वाद घालू नका. त्याला एवढंच विचारा, छप्पर कुणाचं पडलं होतं?