अस्वलाचा खोटा गुण्या

नदीपलीकडच्या जंगलात एक अस्वल सुतारकाम करून राहत असे. लाकडाचा कोपरा काटकोनात आहे की नाही, हे पाहायला सुतार गुण्या लावतात. अस्वलाने आपला गुण्या त्याच्या पितळी चकाकीवर भुलून निवडला होता. शेजारचे साळिंदरही सुतारच होते. ते त्याला म्हणाले, "दादा, पारखून तरी घ्या. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून तिथेच दुसरी मारा. दोन्ही एकावर एक आल्या, तर गुण्या खरा." अस्वल हसले. "असल्या देखण्या वस्तूची कसली पारख करायची?"

एके दिवशी सशीण आली. "दादा, कोल्हा बिळाभोवती घुटमळतो. पिल्लं लहान आहेत. घट्ट बसेल असं दार करून द्या." अस्वलाने प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून चौकट केली, दार केले. पण बसवताना दार वर घासू लागले आणि खाली फट राहिली. सशिणीने फट दाखवताच अस्वल घाईने बोलले, "लाकूड ओलं आहे. वाळलं की बसेल."

दुसऱ्याच दुपारी सशीण चरायला गेली असताना कोल्ह्याने फटीत पंजा घालून एका पिल्लाचा कान धरला. साळिंदर काटे फुलवून धावले, म्हणून जीव वाचला. कान मात्र फाटला. हे ऐकून अस्वल घरी आले आणि त्याने फळीवर दोन रेघा मारल्या. खाली जुळलेल्या रेघा वर बोटभर फाकल्या होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गुण्याने फसवले, असे म्हणता आले असते. पण फट तर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

सशीण पिल्लाच्या कानाला पाल्याचा रस लावत होती. अस्वल मान खाली घालून म्हणाले, "ताई, लाकूड ओलं नव्हतं. माझा गुण्या खोटा होता, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो." सशिणीने पिल्लाला अलगद कुशीत घेतले. मग म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय त्याचा. दार काढताना आवाज करू नका." ती रागावली असती, तर अस्वलाला बरे वाटले असते. साळिंदराच्या पारखलेल्या गुण्याने त्याने नवे दार केले. ते चौकटीत असे बसले की मुंगीही आत जाईना. पण अस्वलाची चाहूल लागली की ते पिल्लू आईच्या पोटाखाली शिरे, आणि अस्वल वाट बदलून जाई.

तात्पर्य : हत्यार रूपावर भुलून नव्हे, पारखून घ्यावे, आणि दिसलेली चूक झाकू नये, कारण तिची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते.