पाटलाची तेलविहीर

फार फार मागे, तुमच्या-माझ्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, रेताड माळावर एक गाव होतं. तिथं पाटलाच्या घराला लागूनच दिव्याच्या तेलाची विहीर होती. जमिनीतूनच तेल पाझरायचं. जुन्या माणसांनी तळाशी वेताची जाळी बसवून तिच्यामागे खडे ठासले होते. खडे वाळू अडवायचे, तेल सोडायचे. तेल हळू यायचं, पण यायचं.

पाटलाला तेवढ्यानं भागेना. राजवाड्यातला प्रत्येक दिवा आपल्याच तेलावर जळला पाहिजे, ही त्याची हाव.

“उपटा ती जाळी! खडे काढा!”

तेल भसाभस आलं. त्याबरोबर वाळूही आली. गडी तेल निवळून घ्यायचे आणि तळाची वाळू अंगणात फेकायचे. अंगणात ढीग झाला. पाटील त्यावर उभा राहून मिशा पिळायचा.

पाटलीण म्हणाली, “अहो, ही वाळू येते कुठून?”

“विहिरीतून.”

“आणि विहिरीत कुठून येते?”

“तुला काय करायचंय? लेक बाळंतपणाला आलीय, तिच्याकडे बघ.”

मग लेकीच्या खोलीचं दार चौकटीत अडकू लागलं. पाटलानं सुतार बोलावून दार तासून घेतलं. दार पुन्हा अडकलं. पुन्हा तासलं.

पाटलीण म्हणाली, “किती तासाल? दार फुगलं नाही, घर खचतंय! उपसा थांबवा.”

“राजाचे हत्ती तेल न्यायला निघालेत. आज थांबवू? वेडी का खुळी!”

भरदुपारी लेकीला कळा सुरू झाल्या, आणि भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. दार असं बसलं की गड्यांनाही हलेना. आतून लेक ओरडत होती, “आई, माती पडतेय गं!” पाटील खांद्यानं दार ठोकत होता, रडत होता.

“सरका बाजूला!” पाटलिणीनं पहार उचलली, मागून जाऊन कुडाची भिंत फोडली, लेकीला बखोटीला धरून ओढत माळावर आणलं. पाटील आणि गडीही मागोमाग पळाले. पाठीमागे जमीन हुंकारली. घर खाली गेलं. विहीरही गेली.

लेक उघड्या माळावर बाळंत झाली. हत्ती रिकामे परतले. गावात कितीतरी वर्षं दिवा लागला नाही.

“सगळं गेलं गं,” पाटील म्हणाला.

“नातू आहे माझ्या मांडीवर. गेलं ते तुम्हीच उपसून फेकलंत.”

लेकरांनो, आणि लेकरांच्या बापांनो, ऐका: जमिनीतून ओरबाडताना हातात काय आलं ते मोजू नका, पायाखालचं काय गेलं ते बघा.